कंट्रोलर साहेबांची टोळी

कंट्रोलर साहेबांना खालच्या पट्टीत बोलता येत नसे. बसस्थानकावर आयुष्यभर गाड्यांच्या वेळा पुकारून त्यांचा आवाज कायमचा वर जाऊन बसला होता. निवृत्तीनंतर तो कामी आला मोबाइलवरच्या लढाईच्या खेळात. आमच्या चाळीस जणांच्या टोळीचे ते सेनापती, आणि मी, विमा कचेरीतला कारकून, त्यांचा एक मामुली सरदार.

या खेळात एकट्याने किल्ला पडत नाही. प्रत्येकाचं सैन्य नकाशावर वेगळ्या ठिकाणी असतं. कुणाला पोचायला चार मिनिटं लागतात, कुणाला दोन. सगळे एकाच सेकंदाला धडकले तरच तट फुटतो, म्हणून लांबच्याने आधी निघायचं. साहेबांना यात नवं काहीच नव्हतं. टोळीतल्या कुणाचं नाव त्यांनी कधी लक्षात ठेवलं नाही. माणूस राहतो ते ठिकाण हेच त्याचं नाव. रविवारी सकाळी अकराला ग्रुपवर त्यांचा आवाज यायचा, "भिवापूर, निघा. कोराडी, एक मिनिट थांबा. महाल, इंजिन चालू ठेवा." महाल म्हणजे मी.

एकदा दारात भाजीवाला आला म्हणून मी सतरा सेकंद उशिरा निघालो. बाकीचे लढून परतीला लागले तेव्हा माझं सैन्य एकटंच शत्रूच्या वेशीत पोचलं. सगळे घोडेस्वार गेले. मी हळहळलो, तर साहेब म्हणाले, "कांदे भेटले ना? मग आता त्यायलेच पाठवा लढाले."

एवढी शिस्त असूनही आम्ही हरायचो, आणि सतत एकाच टोळीकडून. तिच्या सेनापतीने खेळात 'वाघीण' असं नाव घेतलं होतं. आम्ही पोचण्याआधी तिच्या तटावर दुप्पट फौज उभी असायची, नाहीतर आम्ही बाहेर पडलो की ती आमची रिकामी घरं लुटून जायची. आमच्यात कुणीतरी फितूर होता. कोराडीचा गडी टोळीत नवा, म्हणून सगळ्यांचा संशय त्याच्यावर. त्याला काढायचं ठरवून मी साहेबांच्या घरी गेलो.

"त्याले काहून काढता?" साहेब म्हणाले. "तो नाही फितूर."

"मग कोण?"

त्यांनी स्वयंपाकघराकडे मान केली. आत त्यांची सून एका हाताने पोहे परतत होती. दुसऱ्या हातात मोबाइल. वाघीण तीच होती. साहेब बैठकीतून हल्ला पुकारायचे आणि ती भिंतीपलीकडून ऐकायची. हेरगिरीसाठी तिला गॅससुद्धा बारीक करावा लागत नव्हता.

"तुम्हाला माहीत होतं?" मला खरंच राग आला होता.

साहेबांनी आवाज जमेल तेवढा खाली आणला. "तिसऱ्याच रविवारी समजलं. पोरगा बंगलोरले. घरात आम्ही दोघंच. वर्षभर 'मामाजी, चहा ठेवू का' याच्यापुढं बोलणं नव्हतं. आता जेवताना सांगते, मामाजी, आज तुमची डावी बाजू उघडी होती. अर्धा अर्धा घंटा बोलून राहिलो आम्ही. मी कशाले हळू बोलू?"

तेवढ्यात आतून हाक आली, "मामाजी, भाऊजीले पोहे देऊ का?"

मी खाल्ले. शत्रूचे होते, पण वर ओतलेली झणझणीत तर्री झकास होती. कोराडीवाला टोळीत राहिला आणि मी तोंड बंद ठेवलं. पुढचे चार महिने मी कळून सवरून हरत राहिलो.

मग सून नवऱ्याकडे बंगलोरला निघाली. मामाजींना एकटं ठेवणार नाही म्हणून हट्टाने त्यांनाही घेऊन गेली. जाताना साहेबांनी टोळी माझ्या हाती दिली. म्हणाले, "झाला आता आपला खेळ." मी विश्वास ठेवला.

मागच्या महिन्यात एका रविवारी बारा सैन्यं एकाच सेकंदाला माझ्या किल्ल्यावर आदळली. पुढे नाही, मागे नाही. वाघिणीच्या टोळीला अशी वेळ आजवर साधली नव्हती. मी तडक फोन लावला. सुनेने उचलला.

"मामाजी कामात आहेत," ती म्हणाली. "पुढचा हल्ला ठरवून राहिले."

"कुणावर?"

"ते कसं सांगू, भाऊजी? घरातलं बाहेर नाही सांगत आम्ही."

मी फोन ठेवला आणि पडलेला तट बांधायला घेतला. चिडायचं ठरवलं होतं, पण ते काही जमलं नाही.