इन्स्पेक्टरबाईंचा विकतचा डोनट

इन्स्पेक्टरबाई डोनटच्या दुकानात शिरल्या की आधी दारातच उभं राहून वास घ्यायच्या. मग पर्समधून लांब दांडीचा थर्मामीटर निघायचा आणि सरळ तळणीच्या कढईत बुडायचा. त्यानंतर ओट्याखालची फडकी, दुधाचा फ्रीज, कॉफीच्या यंत्राची नळी आणि सर्वांत शेवटी कामगारांची नखं. दुकानदारांनी त्यांचं नाव 'थर्मामीटर' ठेवलं होतं. "थर्मामीटर निघालाय, तुमच्याकडेच येतोय," असा फोन एका दुकानातून दुसऱ्या दुकानात जायचा आणि बाई पोहोचेपर्यंत तिथल्या झाडून सगळ्यांच्या डोक्यांवर टोप्या चढलेल्या असायच्या. बाईंना हे नाव ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. लोक उगाच कुणाला नाव ठेवत नाहीत, त्यासाठी काहीतरी काम करावं लागतं, असं त्यांचं म्हणणं.

अन्न तपासणीच्या नोकरीला लागल्या तेव्हाच त्यांनी स्वतःला एक नियम घालून घेतला होता. आपल्या हद्दीतल्या दुकानात काही खायचं नाही, काही प्यायचं नाही. पैसे देऊनसुद्धा नाही. कारण पैसे दिले तरी बाईंचा डोनट जरा मोठा निघतो, बाईंच्या कॉफीवर फेस जरा जास्त येतो, आणि त्या 'जरा'चीच माणसाला पुढे चटक लागते. पाणीसुद्धा घरून आणलेलं. आता हद्द म्हणजे अख्खं शहर, आणि शहर असं की दर कोपऱ्यावर एक डोनटवाला आणि त्याच्या समोर एक कॉफीवाला. पाण्यात राहायचं आणि घोटभर प्यायचं नाही, अशी गत.

एका वरिष्ठ साहेबांनी एकदा समजावून पाहिलं होतं. "बाई, एका कॉफीनं कुणी विकलं जात नाही हो."

"किती कॉफ्यांनी जातं तेवढं सांगा साहेब," बाई म्हणाल्या, "तिथपर्यंत पिते."

साहेब स्वतः दिवसाला चार फुकटच्या कॉफ्या प्यायचे.

भोगावं लागलं ते लेकीला. ती लहानपणी डोनटसाठी हटून बसायची, तेव्हा बाई आणि त्यांचे यजमान तिला बसमध्ये घालून शेजारच्या गावी न्यायचे. तिथला डोनट म्हणजे रबर. चावून चावून पोरीचे जबडे दुखायचे. "आई, आपल्या गावातल्या डोनटचा वास किती छान येतो," ती रडवेली होऊन म्हणायची. बाई म्हणायच्या, "वास फुकट आहे, हवा तेवढा घे."

यजमान शाळेत चित्रकला शिकवायचे आणि स्वभावानं अगदी लोण्याचे. बाईंच्या नियमावर ते मनातून खूप चिडायचे, पण चिडणं त्यांच्या तोंडापर्यंत कधी आलं नाही.

बाई निवृत्त झाल्या. निरोपाच्या दिवशी सगळ्यांनी विचारलं, आता काय करणार? कुणाला वाटलं प्रवास म्हणतील, कुणाला वाटलं बागकाम. बाई म्हणाल्या, "डोनट खाणार. आपल्याच गावात, रांगेत उभी राहून, पदरचे पैसे देऊन. चार माणसं खातात तसा." लोक हसले. बाईंनी मात्र हा बेत मनात कितीतरी वर्षं राखून ठेवला होता. त्यांना कुणाचे उपकार नको होते आणि कुणाचा धाकही नको होता. नुसतं गिऱ्हाईक व्हायचं होतं.

पुढच्याच सोमवारी नवराबायको निघाले. पहिलं दुकान कोर्टासमोरचं, शहरातलं सगळ्यांत मोठं. बाईंचं पाऊल आत पडायचा अवकाश, दुकानाचं धाबं दणाणलं. एक जण फडकं घेऊन मागे पळाला. दुसऱ्यानं घाईत टोपी उलटी घातली. खाई त्याला खवखवे, म्हणतात ते खोटं नाही. मालक हात चोळत पुढे आला.

"अहो, मी निवृत्त झालेय," बाई म्हणाल्या. "मला एक डोनट हवाय. रांगेत उभी राहते."

"रांगेत? तुम्ही? काय बाई, गरिबाची चेष्टा करता!"

खुर्ची पुसली गेली. डोनटांची भरलेली ताटली आली, दोन कॉफ्या आल्या. रांगेतली माणसं वाट बघत टकमक पाहत राहिली. बाईंनी पैसे काढले तर मालकानं कानांना हात लावले. बाईंनी एकाही डोनटाला बोट न लावता नोट टेबलावर ठेवली आणि उठल्या. मालक धावत रस्त्यावर आला आणि ती नोट यजमानांच्या खिशात कोंबून गेला. यजमानांनी तेवढ्यात एक संपवला होता.

"चॉकलेटचा होता गं," ते म्हणाले. "काय सांगू तुला!"

बाईंनी असं पाहिलं की तोंडातला उरलेला घास त्यांनी न चावताच गिळला.

नदीकाठच्या दुकानात तेच. दवाखान्यामागच्या दुकानात तेच. बाजारातल्या कॉफीच्या ठेल्यावर तर कॉफीवाल्यानं त्यांच्यासाठी कप तीनदा धुतला. एका नव्या दुकानात गल्ल्यावर नवी मुलगी होती. तिनं बाईंना ओळखलं नाही, नीट भाव सांगितला. बाईंचा चेहरा खुलला, त्यांनी पर्स उघडली, आणि तेवढ्यात आतून मालकीणबाई आल्या. "अगं, कुणाकडून पैसे घेतेस? कळतं का काही?" मुलगी पांढरीफटक पडली. बाई तिच्या खांद्यावर थोपटून बाहेर पडल्या.

त्या संध्याकाळी घरी बाईंनी चहाचा कप बाजूला सारला. मग म्हणाल्या, "अहो, मला वाटत होतं, या गावात मला मान आहे. ही तर नुसती भीती निघाली."

"कशाला इतका विचार करतेस? प्रेमानं देतात, खावं मुकाट्यानं."

"प्रेमानं देणारा घाम पुसत देत नाही. आणि फुकट एक घास जरी खाल्ला ना, तरी इतकी वर्षं जे राखलं ते पाण्यात गेलं. आता कशाला मिंधं व्हायचं?"

कप विसळता विसळता यजमानच म्हणाले, "छापखान्यामागचं दुकान राहिलंय."

ते दुकान बाईंनी मुद्दाम वगळलं होतं. फार वर्षांपूर्वी त्यांनी ते महिनाभर बंद ठेवलं होतं. तेल डांबरासारखं काळं झालं होतं आणि मैद्याच्या पोत्यात उंदरांच्या लेंड्या होत्या. मालकानं भर गल्लीत त्यांना नको नको ते सुनावलं होतं. दुकान पुन्हा उघडल्यावर मात्र त्यात खोड काढायला कधी जागा सापडली नाही. मालक विचारलं तेवढ्याचं उत्तर द्यायचा, वर एक शब्द नाही.

"तो मला उभं करणार नाही," बाई म्हणाल्या.

"नाही केलं तर परत येऊ. पाय काही झिजत नाहीत."

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाची रांग पार छापखान्याच्या फाटकापर्यंत आली होती. दोघं शेवटी जाऊन उभे राहिले. मालक आता वाकला होता, पण गल्ल्यावर स्वतःच होता. त्यानं मान वर केली, बाईंना पाहिलं आणि पुढच्या माणसाचे पैसे घेतले. आत कुणी पळालं नाही. कुणाची टोपी हलली नाही.

बाईंची पाळी आली.

"काय देऊ?"

"एक साखरेचा डोनट. दोन कॉफ्या."

त्यानं परातीतला हाताला लागला तो उचलला. जरा वाकडाच होता. भाव सांगितला. बाईंनी नोट पुढे केली.

"सकाळी सकाळी एवढी मोठी नोट? सुटे काढा ना बाई, मागे माणसं खोळंबलीत."

यजमान ओशाळले. बाई पर्सच्या तळाशी हात घालून नाणी शोधत होत्या आणि इतक्या खुशीत होत्या की त्यांना ती लवकर सापडतच नव्हती.

बसायला जागा नव्हती. खिडकीपाशी उभं राहून त्यांनी पहिला घास घेतला. वरची साल किंचित कुरकुरीत, आत गरम आणि हलका, तेलाचा मागमूस नाही. साखर ओठांना चिकटली, ती त्यांनी पुसली नाही. लेक इथे हवी होती, असं त्यांना फार वाटलं. मग त्यांनी कॉफीचा घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि सवयीनं तरातरा गल्ल्याशी गेल्या.

"कॉफी कडू झालीय."

"कडूच असते. साखर तिकडे आहे."

"ओ बाई, मध्ये घुसू नका, रांग आहे," मागून कुणीतरी ओरडलं.

बाई मुकाट्यानं बाजूला झाल्या. नवा घाणा तळून होईपर्यंत विक्री जरा थांबली, तेव्हा त्यांनी विचारलं, "तुम्ही मला ओळखलं नाहीत?"

"न ओळखायला काय झालं? माझ्या दाराच्या कुलपावर महिनाभर तुमच्या सहीचा कागद होता. रोज येऊन वाचायचो."

"सगळे मला फुकट देतात. तुम्ही पैसे घेतलेत."

मालकानं हात पुसले. "बाई, तेव्हा मी तुमच्यापुढे पाकीट धरलं होतं. बायकोचे दागिने मोडून भरलेलं. तुम्ही ते माझ्या हातात परत ठेवलंत आणि म्हणालात, यातून नवी कढई घ्या. फार राग आला होता. पण कढई घेतली. ज्या बाईनं माझं तेव्हा काही घेतलं नाही, तिला मी आज फुकट खायला घालू? तुमची एवढ्या वर्षांची किंमत एका डोनटावर आणू?" त्यानं मान हलवली. "ते माझ्याच्यानं व्हायचं नाही. तुम्ही पैसे द्यायचे, मी घ्यायचे."

बाईंचे डोळे भरून आले. कुणी सुवर्णपदक गळ्यात घातलं असतं तरी एवढा अभिमान वाटला नसता, आणि तो त्यांनी लपवलाही नाही. यजमान तर खिडकीपाशी उघड उघड नाक पुसत होते.

"अजून एक द्या तर मग," बाई म्हणाल्या. "यांना. आणि या वेळी जरा सरळ बघून."

"निवडून मिळणार नाही, हाताला येईल तो," मालक म्हणाला. "आणि आधी रांगेत या."

बाई ताठ मानेनं छापखान्याच्या फाटकाकडे निघाल्या आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभ्या राहिल्या.