मस्कतला वाजणारी बेल

नोकरीतली सगळी वर्षं मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये वायरी जोडण्यात घालवली. निवृत्त झाल्यावर हात स्वस्थ बसेनात. भाचीने सुचवलं म्हणून एक छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड मागवला. बिस्किटाएवढा बोर्ड. कॉम्प्युटरवरून त्यात आपला प्रोग्रॅम भरायचा, मग तो सांगितल्याप्रमाणे दिवे लावतो, पंखा बंद करतो, टाकी भरली की पिपाणी वाजवतो. हळूहळू आमच्या जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग या उद्योगाने बळकावला. नवरा उरलेल्या अर्ध्यात ताट घेऊन बसायला लागला. तक्रार केली नाही, फक्त एकदा वरणातून छोटा स्क्रू निघाला तेव्हा तो त्याने मुकाट्याने माझ्या डबीत टाकला.

पनवेलच्या जुन्या भागात आमची इमारत आहे. समोरच्या फ्लॅटमध्ये खाला राहतात. खाला म्हणजे मावशी, सगळी इमारत त्यांना तसंच म्हणते. त्या मूळच्या उरणकडच्या. यजमानांचं मासेमारीच्या जाळ्यांचं आणि दोरखंडांचं दुकान होतं, ते गेल्यावर दुकान विकलं. एकुलता एक मुलगा मस्कतला एका गोदामात सुपरवायझर आहे. खालांना ऐकू येणं कमी होत होत जवळजवळ बंदच झालं. कानातलं यंत्र मुलाने आणून दिलं होतं, पण त्यात शिट्ट्या वाजतात म्हणून ते त्यांनी कपाटात ठेवून दिलं. समोरच्याच्या ओठांकडे बघून त्यांना बरंचसं कळतं.

पंचाईत व्हायची ती दाराची. गॅसवाला बेल वाजवून निघून जायचा. नातेवाईक यायचे, बेल वाजवून दमायचे आणि मग माझ्या घरी येऊन बसायचे. मी खालांना व्हॉट्सअॅपवर मेसेज करायचे, तो त्यांनी बघितला तर बघितला. एकदा त्यांची भाची अशीच माझ्याकडे बराच वेळ बसली होती, आणि खाला आत आरामात तांदूळ निवडत होत्या.

म्हणून मी त्यांच्या बेलच्या बटणाला बोर्ड जोडला आणि बोर्डाला दोन बल्ब. एक बाहेरच्या खोलीत, एक स्वयंपाकघरात. बटण दाबलं की दोन्ही लुकलुकायचे. जुनी बेल तशीही खालांच्या उपयोगाची नव्हती, ती काढून टाकली. सगळं वायरींचं काम होतं, त्यामुळे एका दुपारीच झालं. पहिल्यांदा बल्ब लुकलुकला तेव्हा खालांनी दार उघडलं, बाहेर मीच उभी होते, तरी त्यांनी "या, या, बसा" म्हणून पाहुण्यासारखं आत नेलं आणि शिरखुर्मा दिला.

ही बातमी मस्कतला गेली. मुलाने व्हिडिओ कॉल केला आणि खालांनी फोन माझ्या हातात दिला.

"काकी, बेल वाजली की मला पण कळेल का? अम्मी एकटी असते. कोण येतं, कोण जातं, माझा जीव तिकडेच असतो."

मी म्हटलं, "बघते."

बघते म्हटलं खरं, पण वायफायचं मला वावडं होतं. वायर तुटली तर कुठे तुटली ते बोट ठेवून दाखवता येतं. हवेतून जाणाऱ्या गोष्टीवर बोट कुठे ठेवणार? तरीही वायफाय असलेला नवा बोर्ड मागवला. आधीच्यापेक्षा लहान, स्वस्त, आणि कोपऱ्यात नागमोडी रेघ, तोच त्याचा अँटेना. माझ्या टेबलावर तो पहिल्या फटक्यात चालला. बटण दाबलं की माझ्या फोनवर संदेश: दारावर कोणीतरी आहे. मी खूश होऊन तो खालांच्या भिंतीवर बसवला, आणि तिथे तो मेला. म्हणजे पूर्ण मेला नाही. चालू व्हायचा, वायफाय शोधायला लागायचा आणि बंद पडायचा. पुन्हा चालू, पुन्हा बंद.

आधी मी प्रोग्रॅम तपासला. मग खालांच्या लोखंडी कपाटावर संशय घेतला, कारण ते राउटर आणि दार यांच्या बरोबर मध्ये होतं.

"कपाट हलवूया का?" मी विचारलं.

"निकाहपासून तिथंच हाय ते," खाला म्हणाल्या. विषय संपला. मी राउटर उचलून फ्रिजवर ठेवला. सिग्नल सुधारला, पण बोर्ड बंद पडायचा तो पडतच राहिला.

शेवटी मीटर लावून बसले तेव्हा कळलं. टेबलावर बोर्डाला कॉम्प्युटरमधून वीज मिळत होती. इथे मी ती एका जुन्या मोबाइल चार्जरमधून, लांबलचक बारीक वायरीने आणली होती. वायफाय सुरू होताना बोर्ड एकदम मोठा घोट घेतो. तेवढी वीज त्या वायरीतून वेळेवर पोचत नव्हती, दाब खाली यायचा आणि बोर्ड बसायचा. म्हणजे दोष हवेतल्या भागात नव्हताच, माझ्या ओळखीच्या वायरीतच होता. चांगला चार्जर घेतला, वायर जाड आणि आखूड केली, बोर्डाच्या अगदी जवळ एक कपॅसिटर सोल्डर केला. कपॅसिटर म्हणजे विजेचा लहानसा हंडा, गरज पडली की त्यातून घोट घेता येतो. त्यानंतर बोर्ड परत कधी बसला नाही.

मस्कतला बेल वाजायला लागली. दूधवाला आला, कचरेवाली आली, सगळं त्याला तिकडे कळू लागलं. तो लगेच आईला व्हिडिओ कॉल करायचा. कॉल आला की फोनचा टॉर्च चमकेल अशी सोय त्यानेच करून ठेवली होती, त्यामुळे खालांना कळायचं. "कोण आलंय, अम्मी?" "दूधवाला." "बरं." एवढंच बोलणं, पण त्याच्या मनाला स्वस्थता होती.

काही आठवड्यांनी त्याचा मला संदेश आला. "काकी, दुपारी बेल वाजते. अम्मी म्हणते कोणी नव्हतं. काहीतरी फॉल्ट आहे."

मला तो फॉल्ट ओळखीचा वाटला. बटणाची वायर घराच्या विजेच्या वायरीला लागून गेली होती. शेजारच्या घरात पंप सुरू झाला की असल्या वायरीत खोटा धक्का येऊ शकतो. मी वायर वेगळी काढली. प्रोग्रॅममध्ये बदल केला, की बटण क्षणभर दाबून धरलं तरच बेल धरायची. तरी दुपारची बेल चालूच. मग बटणच बदललं. खाला खुर्चीवर बसून माझं काम बघत होत्या.

"किती त्रास घेतेस गं," त्या म्हणाल्या. "चालतंय ना, राहू दे."

"चालत नाही म्हणून तर बघतेय, खाला."

खाला उठल्या. आत जाऊन चहा घेऊन आल्या.

पुढे एका दुपारी मी बाजारातून परत येत होते. लिफ्ट बंद होती म्हणून जिना चढत होते. शेवटच्या वळणावर पोचले तर खाला दिसल्या, स्वतःच्या दाराबाहेर उभ्या. डोक्यावर ओढणी नीट घेतलेली, एका हातात फोन. दुसऱ्या हाताच्या बोटाने त्यांनी बेलचं बटण दाबून धरलं होतं, मीच नव्याने घातलेल्या नियमाप्रमाणे, व्यवस्थित. मग बोट काढून फोनकडे बघत राहिल्या. थोड्याच वेळात टॉर्च चमकला.

"कोण आलंय, अम्मी?" मुलाचा आवाज जिन्यापर्यंत आला.

"कोण नाय. पोरं असतील खालच्या मजल्यावरची. जेवलास?"

"जेवलो. काकींना सांगतो परत बघायला."

"सांग. डोळे लाल दिसतात तुझे."

"धूळ आहे गोदामात. ठेवतो आता."

फोन ओढणीआड ठेवून त्या वळल्या आणि मी समोर. भाजीची पिशवी हातात धरून मी तशीच उभी होते. मला वाटलं त्या ओशाळतील. त्या ओशाळल्या नाहीत.

"फोन केला तर म्हणतो, अम्मी, नंतर करतो," त्या म्हणाल्या. "तो नंतर कधी रात्री येतो, कधी दुसऱ्या दिवशी. बेल वाजली का लगेच बघतो. तोंड दिसतं. मला आवाज कुठं येतो, मला तोंडच लागतं बघायला."

मग म्हणाल्या, "तू दुरुस्त नको करू, बाय."

मी घरी येऊन भाजी ओट्यावर ठेवली आणि बसून राहिले. मुलाला सांगावं तर खालांची चुगली केल्यासारखं होणार. न सांगावं तर तो दर दुपारी काळीज धरून फोन उचलणार. त्यांची दुपार गोड करायला त्याची दुपार रोज बिघडत होती, आणि या दोघांच्या मधली वस्तू मी बनवलेली होती.

दुसऱ्या दिवशी मी खालांच्या पलंगाजवळ भिंतीवर एक वेगळं बटण बसवलं. त्याचा संदेश वेगळा ठेवला: अम्मीला बोलायचंय. खालांना समजावून सांगितलं की आता बाहेर उभं राहायला नको. त्यांनी दाबलं. आम्ही दोघी फोनकडे बघत बसलो. चहा झाला, कप धुऊन झाले. टॉर्च काही चमकला नाही.

"बघितलंस?" खाला म्हणाल्या. त्यांचा सूर रागाचा नव्हता, माहीत असलेली गोष्ट सांगितल्याचा होता.

तेव्हा मी म्हटलं, "खाला, मी त्याला सांगते. चालेल?" त्यांनी माझ्या ओठांकडे नीट बघितलं आणि मान हलवली.

मी त्याला फोन लावला आणि दुपारच्या बेलचं सगळं सरळ सांगितलं. पलीकडे गोदामातल्या गाड्यांचा आवाज येत होता.

"आत्ताचा मेसेज पाहिला होता मी," तो म्हणाला. "वाटलं घाई नाही. माल उतरवत होतो." मग म्हणाला, "काकी, कामावर मला प्रत्येक वेळी बोलता नाही येत. खरंच नाही येत. पण पाहिलं एवढं तरी तिला कळवता येईल का?"

तोपर्यंत तो बोर्ड फक्त सांगत होता, ऐकत काही नव्हता. वायफायवरून संदेश जातो तसा येऊही शकतो, हे मला वाचून माहीत होतं, करून माहीत नव्हतं. ते करायला मला बरेच दिवस लागले. मधेच एकदा असा घोळ झाला की मस्कतहून उत्तर आलं की स्वयंपाकघरातला बल्ब लागायचा आणि खाला दार उघडायला धावायच्या. शेवटी जमलं. पलंगाजवळच्या बटणाच्या वर एक हिरवा दिवा बसवला. खाला बटण दाबतात, त्याच्या फोनवर संदेश जातो. तो नुसतं फोनवरचं अंगठ्याचं चिन्ह दाबतो आणि इकडे हिरवा दिवा लागतो. म्हणजे पाहिलं, सवड झाली की करतो. सवड असेल तर तो सरळ व्हिडिओ कॉलच करतो.

दिवा थोड्या वेळाने आपोआप विझेल असं मी ठेवलं होतं. खालांनी तो नियम बदलून घेतला. तो कॉल करेपर्यंत दिवा लागलेलाच पाहिजे. "विझला का वाटतं विसरला," त्या म्हणाल्या. मला ते पटलं. मुलगा पहिल्यांदा थोडा कुरकुरला, कारण आता अंगठा दाबून सुटका नव्हती. पण संध्याकाळी ड्युटी संपली की तो कॉल करू लागला आणि तिकडूनच फोनवरून दिवा विझवू लागला. दुपारची बेल बंद झाली. दारावरचं बटण आता फक्त माणसं वाजवतात.

एकदा दिवा दोन दिवस लागून राहिला. खालांनी मला बोलावून तो दाखवला, बिघडलाय का म्हणून. बिघडला नव्हता. मी मुलाला तसं कळवलं. तो तापाने पडून होता, आईला तोंड दाखवायचं नव्हतं. मी म्हटलं, तसंच दाखव. त्याने दाखवलं. खालांनी त्याला मनसोक्त बोलून घेतलं आणि मग बराच वेळ नुसत्या बघत बसल्या.

आता खालांच्या मनात त्यांची गव्हाण गावची बहीण आहे. तिला चांगलं ऐकू येतं, घरात चार माणसं आहेत, तिला या कशाचीही गरज नाही. मी तसं सांगून पाहिलं.

"ती फोन उचलत नाय," खाला म्हणाल्या. "तिला लाल दिवा बसव. मी इथं दाबलं का तिथं लागला पाहिजे."

पुढच्या रविवारी सोल्डरिंगची पिशवी घेऊन आम्ही दोघी गव्हाणला जाणार आहोत. जाड वायर आणि चांगला चार्जर मी आधीच पिशवीत टाकलाय.