बाळाला हात लावण्याआधी

माझी थोरली मुलगी आठव्या महिन्यातच झाली. नव्वद सालानंतरची ती पहिली काही वर्षं. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मी पेणजवळ जोह्याला आले होते. तिथे घरोघरी गणपतीच्या मूर्ती करतात, आमच्याकडेही. कळा अवेळी सुरू झाल्या आणि मूर्ती पोचवायला निघालेल्या टेंपोत पुढे बसवून मला पेणला नेलं. पोर इतकी लहान झाली की दवाखान्यातलं दुपटंसुद्धा तिच्याभोवती पुन्हा पुन्हा गुंडाळावं लागे. तिला वेगळ्या खोलीत, दिव्याच्या उबेत ठेवली होती. हात धुतल्याशिवाय तिथे कुणी जायचं नाही, अशी सिस्टरची ताकीद होती.

हे तेव्हा धाटावला, कपड्यांचे रंग बनवणाऱ्या कंपनीत होते. आमची खोली रोह्यात. यांच्या खात्यात केशरी भुकटी पिंपांत भरायचं काम चाले. हातमोजे मिळायचे, पण ते फाटायचे, आणि घाम आला की रंग आत उतरायचा. शिफ्ट सुटली की कामगार नळाखाली ब्लीचिंग पावडर हातांवर चोळत. त्यानं रंग थोडा निघे, कातडी जास्त. यांच्या बोटांना चिरा पडल्या होत्या आणि त्या चिरांत रंग कायमचा बसला होता. मला त्या हातांची सवय झाली होती. दवाखान्यात मात्र ते मी पहिल्यांदा परक्या नजरेनं पाहिले.

हे पहिल्या दिवशी शिफ्ट संपवून थेट एसटीनं आले. सिस्टरनं दारातच अडवलं.

"हात धुवून या."

"धुतलेत सिस्टर."

"हे धुतलेले?"

हे पुन्हा नळावर गेले. साबणानं खसाखसा घासून आले. रंग होता तिथेच होता. मग तिनं कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून यांच्या हातावर फिरवला. हे ओठ दाबून उभे राहिले, पण डोळ्यांत पाणी आलं. उघड्या चिरांवर स्पिरिट म्हणजे आगच. एका बोटातून रक्त आलं तशी सिस्टर म्हणाली, "आता तर नकोच. लांबूनच बघा."

यांनी उंबऱ्याबाहेरून मुलगी बघितली. मला विचारलं, "श्वास घेतेय ना ती?" मी हो म्हटलं. तेवढ्यावर परतीची गाडी पकडून गेले.

बाळाचं वजन जरा वाढल्यावर आम्हाला जोह्याला सोडलं. पुढच्या सुट्टीला हे आले ते एक बाटली घेऊन. कंपनीच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरनं दिली होती. निळसर, पाण्यासारखं औषध.

"यात स्पिरिट नाय," हे मला उत्साहानं सांगत होते. "जरापण झोंबत नाय. पाण्यात घालायचं, हात बुडवायचे, झालं."

आई मूर्तींवर पॉलिश पेपर मारत बसली होती. ती तिथूनच म्हणाली, "घरात साबण हाय, विहिरीला पाणी हाय. बाटलीचं काय काम?"

पण यांनी तांब्यात औषध कालवलं, हात साबणानं धुतले, फेस निघतो न निघतो तोच तांब्यात बुडवले आणि मुलीला उचललं. पहिल्यांदाच. ती यांच्या दोन तळव्यांत मावली. हे इतके अवघडून बसले होते की मला हसू आलं. त्या दिवसानंतर तांब्यातलं ते पाणी तसंच कोपऱ्यात राहिलं. औषध फुकट कशाला घालवा, म्हणून येणारा-जाणारा त्यातच हात बुडवी. बाटलीला नावं ठेवणारी आईसुद्धा त्यातच फडकं पिळून बाळाला न्हाऊ घालायचा पाट पुसायची. वास चांगला येतो म्हणायची.

थोड्याच दिवसांत मुलीची नाळ ओली दिसायला लागली. बेंबीभोवती लाल झालं, मग घाण वास सुटला. ती दूध सोडून नुसती पडून राहायला लागली. हे नेमके घरी आलेले. आईनं दुपटं बाजूला केलं, बेंबी बघितली आणि मग यांच्या हातांकडे बघितलं.

"त्या कंपनीच्या हातांनी उचलली गो तिला," आई मला म्हणाली. यांना ऐकू जाईल अशाच आवाजात.

हे उठून बाहेर गेले आणि रिक्षा घेऊन आले. पेणला जाईपर्यंत मूल माझ्याच मांडीवर होतं. यांनी दोन्ही हात स्वतःच्या काखेत दाबून धरले होते.

डॉक्टरीणबाईंनी बेंबी पाहिली, इंजेक्शन सुरू केलं आणि मग विचारलं, "बाळाला कोण कोण हात लावतं?"

आईनं यांच्याकडे मान वळवली.

"सगळ्यांनी हात दाखवा," बाई म्हणाल्या.

आईनं नाइलाजानं तळवे पुढे केले. नखांत पांढरी माती होती. माझ्या बांगड्यांखाली दुधाचं किटण. यांचे हात केशरी होते, पण नखं मुळापर्यंत कापलेली.

"यांचा रंग दिसतो, म्हणून तुम्ही यांच्याकडे बघताय," बाई म्हणाल्या. "रंगानं हे होत नाही. हात कशानं धुता?"

यांनी बाटलीचं सांगितलं. बाईंनी सगळं नीट विचारून घेतलं. मग समजावलं की औषध वाईट नाही, पण मळक्या हातावर ते चालत नाही, आणि हाताला साबण राहिला तर त्याचं बळ जातं. तांब्यात तेच पाणी दिवसेंदिवस ठेवलं तर उलट त्यातच जंतू वाढतात. स्पिरिट चांगलं, पण तेही हात स्वच्छ आणि कोरडा असेल तरच, आणि फुटलेल्या कातडीला ते सोसत नाही. घरात साबण आणि वरून ओतलेलं पाणी याला तोड नाही. पाट साबणाच्या पाण्यानं पुसून उन्हात ठेवा.

"मग हे माझ्यामुळे नाय ना झालं?" यांनी विचारलं.

बाई म्हणाल्या, "तुमच्यामुळे, आजींमुळे, पाण्यामुळे, पाटामुळे, आता कुणी सांगू शकणार नाही. चिरांत जंतू राहतात हे मात्र खरं. आधी त्या भरू द्या."

त्यांनी खरं तेच सांगितलं. पण यांनी त्यातलं चिरांचं तेवढं उचललं.

मुलगी वाचली. बेंबी सुकली, ती दूध ओढायला लागली. आईनं तांब्या घासून पालथा घातला आणि त्यानंतर मूर्तींवरून उठली की विहिरीवर जाऊन कोपरापर्यंत हात धुवायची. यांना मात्र ती 'माझं चुकलं' म्हणाली नाही. मी एकदा विषय काढला तर म्हणाली, "मी कुठं काय बोलले?"

रोह्याला परत आल्यावर मी रात्री यांच्या चिरांना खोबरेल लावायची. हळूहळू त्या भरल्या. मी म्हणायची, "अहो, घ्या ना तिला." हे म्हणायचे, "राहू दे, झोपलेय." ती जागी असली की म्हणायचे, "आत्ताच शिफ्टवरून आलोय." तिला खेळणी आणायचे, ताप आला की दवाखान्यात बसून राहायचे. पण तिला आंघोळ घातली नाही, एक घासही भरवला नाही. ती हात पुढे करून यायची तेव्हा हे तिला कपड्याला धरून बाजूला बसवायचे.

पुढे यांची बदली स्टोअरला झाली. केशरी कातडी गळून नवी आली. त्यानंतर धाकटी झाली, पुऱ्या दिवसांची, गुटगुटीत. तिचं सगळं यांनी केलं. तेल लावलं, न्हाऊ घातली, वरणभात कालवून भरवला.

एकदा थोरली दारात उभी राहून ते बघत होती. शाळेत जायला लागली होती तेव्हा.

"बाबा, मला असं भरवायचात तुम्ही?"

यांचा हात ताटात तसाच राहिला. "तू फार लहान होतीस गो."

"ही पण लहानच हाय."

मी काहीतरी बोलणार होते. यांनी मला मानेनं नको म्हटलं. धाकटीला माझ्याकडे दिलं आणि थोरलीला जवळ बोलावलं. घास करून तिच्यापुढे धरला. ती म्हणाली, "मला येतं माझं माझं," आणि दप्तर घेऊन बाहेर गेली.