नुसत्या नावाचा पुकारा

माझ्या बायकोची म्हैस एकदा कोर्टाच्या जप्तीत जायची वेळ आली होती, आणि त्याला कारण माझा ताठा. आज मी हे लिहितो. तेव्हा कुणी तोंडावर म्हटलं असतं, तर मी त्याच्या घरचं पाणी सोडलं असतं.

मी सुतार. शाळा दुसरीपर्यंत, पुढं बापाच्या हाताखाली करवत. पिंपळगाव राजाच्या आसपासच्या पाच-सहा गावांत बैलबंड्या, चौकटी, घरांची माळवदं माझ्या हातची. तिथं लहानथोर कुणीच मला नुसत्या नावानं हाक मारत नसे. मिस्तरी म्हणत. पाटीलसुद्धा मिस्तरीच म्हणायचा.

महाराष्ट्र होऊन दोन-चार वर्षं झाली असतील. खामगावच्या एका लाकूड व्यापाऱ्याकडून मी दहा तुळया उचलल्या. जळगाव जामोदच्या अंगानं, सातपुड्यातून आलेलं सागवान. सहा चांगल्या निघाल्या, चारांना आतून कीड. नापसंत लाकडाच्या तोंडावर पटाशीनं फुली मारायची, ही माझ्या बापाची रीत. म्हणजे तेच लाकूड फिरून आपल्या गळ्यात पडत नाही. फुल्या मारल्या, चारही तुळया बंडीत घालून परत धाडल्या, सहांचे पैसे चुकते केले. पावती घेतली नाही. पावती मागणं म्हणजे समोरच्याला लबाड म्हणणं, अशी आमची समजूत.

वर्षभरानं बेलीफ समन्स घेऊन दारात उभा. चार तुळयांचे पैसे व्याजासह मिळावेत, असा व्यापाऱ्याचा दावा. माझ्या नावापुढं ‘प्रतिवादी’ लिहिलेलं. मी तो शब्द दोनदा जुळवून वाचला. वाटलं, कोर्टानं आपल्याला आधीच गुन्हेगार ठरवलं.

बायको म्हणाली, “अवो, कोन्या वकिलाले तरी इचारा.”

“मले काऊन वकील? माह्या तोंडाले कुलूप लागलं काय?”

“लागलं असतं तं बरंच झालं असतं.”

तारखेला धुतलेलं धोतर नेसून, फेटा बांधून खामगावला गेलो आणि कोर्टाच्या आवारात लिंबाखाली बसलो. दुपारी पट्टेवाला दारात आला आणि माझं नाव, मागं बापाचं नाव, दोन्ही उघडीबोडकी, तीन वेळा ओरडला. साऱ्या आवारानं ऐकलं. माझ्या बापाचं नाव असं ओरडायची आमच्या गावात कुणाची छाती नव्हती. मी जागचा हललो नाही. म्हटलं, गरज असेल तर जवळ येईल, नीट बोलवील. तो आत निघून गेला. संध्याकाळी घरी येऊन मी सांगितलं, “मले कोनी इचारलंच नाही.”

बाजाराच्या दिवशी त्या व्यापाऱ्याच्या दिवाणजीनं मला गाठलं. बायको सोबत होती.

“काय मिस्तरी, तुमचं तं एकतर्फी झालं! आता म्हैस सांभाळा.”

बायकोनं बाजार तसाच टाकला आणि घरची वाट धरली. ती म्हैस तिला तिच्या बापानं दिली होती. दारात आल्यावर एवढंच म्हणाली, “इज्जत तुमची, आन् म्हैस माही जाऊन राह्यली.”

दुसऱ्या दिवशी मी कोर्टाच्या फाटकाशी पेटी मांडून बसणाऱ्या म्हाताऱ्या अर्जनवीसाकडं गेलो. त्यांना सगळे मुनशीजी म्हणत.

“मुनशीजी, एकतर्फी म्हंजे काय?”

“म्हंजे तुमी हजर नव्हते, आता एकाच बाजूचं ऐकतीन. पन हुकूमनामा अजून झाला नाही.”

“हुकूमनामा?”

“निकालाचा कागद. तो हाती आला का व्यापारी दरखास्त देते, म्हंजे वसूल करून द्या म्हून अर्ज. मंग जप्ती. तुमचा रंधा, करवत नाही नेता येत; कारागिराच्या हत्याराले कायदा हात लावू देत नाही. म्हैस मातर नेतीन.”

“आन् मले गुन्हेगार काऊन लिवलं?”

“कोठी लिवलं?”

मी ‘प्रतिवादी’वर बोट ठेवलं. मुनशीजी इतके हसले की चष्मा घसरला. “अहो, मागते तो वादी, जबाब देते तो प्रतिवादी. हे दिवाणी हाये, गुन्हा फौजदारीत. जबाबाच्या कागदाले कैफियत म्हंतात. हे कबूल, हे नाकबूल, असं एकेक कलम लिवाचं. पन त्या दिवशी तुमी होते कुठं?”

“इथंच. त्या लिंबाखाली.”

त्यांनी टाक खाली ठेवला. मला सगळं सांगावं लागलं. ते म्हणाले, “मिस्तरी, तो पुकारा हाये. जहागीरदार आला तरी असाच पुकारतात. आता अर्जात काय लिवू? बिमार होते? सगळे तेच लिवतात.”

“खोटं नाही लिवाचं.”

“खरं लिवलं तं हासतीन तुमाले.”

“हासू द्या.”

पुढच्या तारखेला मी सकाळपासून दाराला चिकटून उभा. पुकारा झाला तसा “हाजीर!” असा ओरडलो की पट्टेवालाच दचकला.

न्यायाधीशसाहेबांनी अर्ज वाचला. “आवारात होता, मग आत का आला नाहीत?”

“साहेब, मिस्तरी म्हटलं नाही म्हून.”

सारं कोर्ट हसलं. व्यापाऱ्याचा वकील सगळ्यात जास्त. माझे कान तापले, पण मान खाली घातली नाही.

“आजही कोणी मिस्तरी म्हटलं नाही,” साहेब म्हणाले.

“आज समजलं, साहेब.”

त्यांनी एकतर्फीचा हुकूम रद्द केला, कैफियत घ्यायला सांगितलं आणि वादीच्या खर्चापोटी मला दहा रुपये द्यायला लावले. मी तिथंच मोजून दिले. आता माझं ऐकणार होते, मग दहा रुपयांचं काय!

मुनशीजी म्हणाले, कैफियत झाली, आता पुरावा पाहिजे. पावती तर नव्हती. पण ते लाकूड कुणाच्या तरी घरात असणारच. त्या व्यापाऱ्याचं सागवान कुठं-कुठं गेलं, हे मी सुतारांना विचारत हिंडलो. तिसऱ्या आठवड्यात अमडापूरला एका शेतकऱ्याच्या नव्या गोठ्यापाशी थांबलो. भिंतीबाहेर चार तुळयांची तोंडं आलेली आणि चारही तोंडांवर माझ्या हातची फुली.

घरधन्याला विचारलं, कुणाकडून घेतल्या? त्यानं त्याच व्यापाऱ्याचं नाव घेतलं आणि भडकलाच. “बैलाच्या पाठीवर किडीचा भुसा पडून राह्यला! साक्ष? दहा येळा देतो. कधी येऊ, ते सांगा!”

तो आला. खरेदीची चिठ्ठीही घेऊन आला. शपथेवर सांगितलं, फुल्यांसकट. व्यापाऱ्याचा वकील त्या दिवशी हसला नाही.

निकालाच्या दिवशी साहेबांनी वाचलं, “दावा खर्चासह नामंजूर.” मी मुकाट्यानं खिशात हात घातला. मुनशीजींनी मनगट धरलं. “हात काढा मिस्तरी. आता खर्च त्यायनं द्याचा.”

दिवेलागणीला घरी पोचलो. बायको म्हशीखाली बसली होती. वादी, कैफियत, हुकूमनामा, दरखास्त, सारं तिला समजावून सांगितलं. ती धार काढता काढता ऐकत राहिली. नवऱ्याचं नाव घ्यायची तिला चाल नव्हती, आणि मिस्तरी ती कधी म्हणत नसे. चरवी भरली तशी मान न वळवता म्हणाली, “अवो प्रतिवादी, दुसरी चरवी आना.”

मी उठलो. म्हटलं, “हाजीर.”