दुखण्यावर दहा वाक्यं

स्पॅनिशच्या ऑनलाइन वर्गात बाईंनी गृहपाठ दिला: दुखण्यावर दहा वाक्यं लिहा. मला मेलीला काहीच दुखत नव्हतं.

आई ओट्यावर झेंडूचे हार ओवत बसली होती, सकाळी नाशिकच्या बाजारात न्यायला. दुपारचं ऊन आणि फुलं एकाच रंगाची झाली होती. मला पेंग येत होती.

"आई, तुझं काय काय दुखतं?"

डॉक्टरांसमोरही ती 'काय नाय' म्हणून उठते. पण हा माझा अभ्यास होता.

"पहिलं बोटं लिही," ती म्हणाली. मग मनगट. डावा खांदा. "गुडघे तर लय."

एक दुखलं तर 'मे दुएले', अनेक दुखली तर 'मे दुएलेन', एवढं मी तिला सांगितलं. 'मे दुएलेन लास रोदियास,' मला गुडघे दुखतात, असं मी मोठ्यानं वाचलं की तीही सुईच्या तालावर ते पुटपुटायची, अंगाई म्हटल्यासारखं. ऊन हळूहळू ओट्यावरून उतरलं.

दहा वाक्यं कधीच भरली होती. आई अजून सांगत होती.