डिकीतली छोटी बॅटरी

बावड्याच्या एका जुन्या गाड्यांच्या दलालाने मला फसवलं. किमतीत नाही. किमतीत मला कुणी फसवत नाही, बैलबाजारात रुमालाखाली बोटं धरून सौदे करत मी वर आलोय. त्याने एक गोष्ट लपवली.

भूतखेत मी कधी मानलं नाही. कुणी असलं काही सांगायला लागलं की उठून जायचो. आता मीच लिहितोय…

गाडी जुनी हायब्रीड सेडान. हिच्यात दोन बॅटऱ्या असतात. मोठी बॅटरी गाडी ओढते. दुसरी बारा व्होल्टची, डिकीत. ही छोटी गेली की मोठी जागीच होत नाही, दारं, स्क्रीन, सगळं मेलेलं. ती छोटी कमजोर आहे हे मी सौद्यातच ओळखलं आणि त्यावर घासाघीस केली. दलाल किमतीत लगेच उतरला. फक्त म्हणाला, "शेठ, तेवढी बॅटरी बदलू नका. चार्जर लावत जावा." मी हसलो. नवीचा खर्च वाचवा म्हणून सांगतोय, असं वाटलं.

महिन्याभरात ती पार बसली. बारामतीत भिगवण रस्त्याला एका ओळखीच्या बॅटरीवाल्याकडे गाडी ओढून नेली. दुपारची वेळ. बायकोचे गुडघे दुखतात म्हणून ती मागच्या सीटवरच बसून राहिली. उसाचे ट्रॅक्टर धूळ उडवत होते, म्हणून तिने दार लावून घेतलं.

बॅटरीवाल्याने जुनी बॅटरी काढून फरशीवर ठेवली. जुनी परत देऊन किती कमी करतो यावर आमचं चाललं होतं, तेवढ्यात खट्ट झालं. चारही दारं लॉक.

"शेठ, करंट कुठनं आला?" तो म्हणाला. गाडीत बॅटरीच नव्हती.

मग पुढची स्क्रीन लागली. मागच्या कॅमेऱ्याचं चित्र. तो कॅमेरा डिकीच्या झाकणावर, आणि झाकण उघडं, म्हणजे तोंड आभाळाकडे. स्क्रीनवर मात्र कालव्याच्या काठाचा भराव होता. काठोकाठ पाणी. भरावावरून एक माणूस गाडीकडे चालत येत होता. ओले कपडे अंगाला चिकटलेले.

बायको आतून काच बडवत होती. रिमोटमधली लोखंडी किल्ली काढून मी कुलपात घातली. फिरवली… ती माझ्या हातात उलटी फिरली. आतून कुणी धरल्यासारखी.

"नवी लाव," मी ओरडलो. त्याने लावली, नट आवळले. काही नाही. हातोडी मागितली, तीन दणके घातले. काचेला चरा नाही. स्क्रीनवरचा माणूस आता एवढा जवळ, की नुसता सदरा दिसत होता.

तेवढ्यात फोन वाजला. दलाल. पंधरा दिवस माझा फोन न उचलणारा.

"बॅटरी काढली न्हवं? आत वैनी हायत ना?"

"तुला कुणी…"

"शिव्या मागनं द्या, शेठ. आदी जुनी जोडा."

बॅटरीवाल्याने नवी सोडवून काढली. त्याने ती मेलेली बॅटरी परत जोडली. स्क्रीन विझली, दारं सुटली.

बायको बाहेर आली ती माझा दंड धरून. तिची साडी गुडघ्यापर्यंत ओली होती, गाळाचा वास येत होता. म्हणाली, "अहो, ते माझ्या शेजारी बसायला येत होते. सरका म्हणाले."

बॅटरीवाल्याने हे सगळं पाहिलंय. विचारलं तर म्हणतो, "मला यात घेऊ नका, शेठ." जुनी बॅटरी अजून डिकीतच आहे. गाडी विकायची तर कुणाच्या गळ्यात मारू? आणि परवा बायको झोपेत बाजूला सरकली, कुणाला तरी जागा करून दिल्यासारखी. तेव्हापासून मला झोप नाही.

दलालाचा फोन बंद, घराला कुलूप. हे तो वाचत असेल, नाहीतर त्याचं कुणी वाचत असेल. पैसे नकोत मला. माझ्या दारात ये आणि दोनच गोष्टी सांग. तो माणूस कोण, आणि माझी बायको आत बसलीय हे तुला त्या दुपारी कुणी सांगितलं?