नसलेल्या घराची मोजणी

गेल्या आठवड्यात मी एक घर मोजून आले... जे तिथं नव्हतंच.

मी राहते शिरूरला. डिप्लोमा सिव्हिलचा झालाय आणि सध्या दौंडकडच्या गावांत घरपट्टीच्या फेरआकारणीचं कंत्राटी काम करते. दर चार वर्षांनी ग्रामपंचायत घरं नव्यानं तपासते. लांबी, रुंदी, भिंती मातीच्या की सिमेंटच्या, घर किती जुनं... त्यावरून वर्षाची पट्टी ठरते. उन्हात टेप घेऊन फिरायचं आणि दारोदार बोलणी खायची, एवढंच यातलं ग्लॅमर.

भूतखेत, लागीर यांवर माझा काडीचाही विश्वास नाही, हे आधीच सांगून ठेवते. कमेंटमध्ये मांत्रिकांचे नंबर देऊ नका.

तर, वरवंडच्या पुढची एक वस्ती. सोबत ग्रामपंचायतीचे शिपाई दत्तूमामा, बगलेत जुन्या नोंदवहीची झेरॉक्स. यादीत एक दगडमातीचं घर होतं, भोगवटादार हौसाबाई. जागेवर जाऊन बघते तर सपाट जमीन... एक दगडसुद्धा शिल्लक नाही.

हौसाबाई गेल्या वर्षी आजारपणात लेकीकडे होत्या. तेवढ्यात त्यांच्या दिरानं ‘घर पडायला झालंय’ म्हणून जेसीबी लावला. ते दीर रस्त्याच्या कडेला मोटरसायकल लावून उभेच होते. "लिवा की खुली जागा, मॅडम. दिसतंय न्हवं डोळ्यानं?"

मामांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की वाटणी तोंडीच झालेली. घर हौसाबाईंच्या नवऱ्याच्या वाट्याला आलं, आणि तो माणूस वारला. "कागुद असा कायबी न्हाई बघा. वहीत बाईचं नाव हाय, तेवढंच. घर खोडलं की नाव खोडलं. आन् तितं आपलं लावायला ह्ये टपल्यात."

मला संताप आला. पण फॉर्ममध्ये संतापाचा रकाना नसतो... आणि घर नाही हे तर खरंच होतं.

हौसाबाई त्या मोकळ्या जागेच्या मधोमध बसल्या होत्या. साठीच्या आसपासच्या, सुकलेल्या. मी सरळ त्यांच्याकडे निघाले, तर तिथूनच ओरडल्या, "अगं, भिंतीतनं कुठं येतीस? दार हिकडं हाय!"

मी निमूट वळसा घालून गेले. "चपला भायेर काढ. आन् वाकून ये, चौकट बुटकी हाय." मी चपला काढल्या. भर दुपारी बारा वाजता, डोक्यावर नुसतं आभाळ असताना... मी वाकले.

आत पाऊल टाकलं आणि हायवेचा आवाज थांबला. सकाळपासून कानात घोंघावणारे ट्रक... एकदम गप्प. मला वाटलं, ऊन लागलं असेल.

बाईंच्या डोक्यावर परिणाम झालाय, असंच मी धरून चालले होते. त्यांना बरं वाटावं म्हणून टेप काढला. एक टोक घेऊन त्या खाली न बघता चालत गेल्या आणि एका जागी थांबल्या. जमिनीवर खूण म्हणून नव्हती. पुढचा सोपा सोळा फूट चार इंच. आतली खोली नऊ फूट सात इंच.

"तितं पाय नको ठिवू, मोरी हाय," त्या म्हणाल्या, तोवर माझा पाय पडला होता. गार लागलं. खाली कोरडी ठणठणीत माती होती... आणि माझा तळवा ओला होता.

मी घाबरले. कबूल करते.

मामांनी बाहेर उभ्या उभ्या झेरॉक्स उघडली. आकडे वाचताना त्यांचा आवाज बारीक झाला. सोळा-चार. नऊ-सात. इंचाचाही फरक नाही.

तरीही फॉर्मवर मला खुली जागाच लिहायची होती. शेजारचा साक्षीदार म्हणून दिराची सही लागणार होती, तेवढ्यासाठी मी त्यांना हाक मारली. "आलो की!" म्हणत ते तावातावानं निघाले. रस्त्यापासून आम्ही समोरासमोर होतो, फार तर दहा पावलांवर.

पण ते सरळ आले नाहीत. कोपऱ्याशी वळले, पलीकडून फिरून आले आणि बरोबर त्याच जागी थांबले. पायांतल्या चपला काढल्या... आणि वाकून आत आले.

त्यांना स्वतःलाही ते आत आल्यावरच कळलं. तोंडावरचा रंग उडाला. मागं वळून आपल्याच चपलांकडे बघत राहिले.

हौसाबाईंनी पदर सारखा केला. "या भावजी. बसा." एवढंच. आवाजात राग नव्हता, त्यानं मला जास्त शहारा आला.

दीर बसले नाहीत. मान खाली घालून मला म्हणाले, "मॅडम, नाव वैनीचंच ऱ्हाऊ द्या."

मी लिहिलं... बांधकाम नाही, खुली जागा. भोगवटादार हौसाबाई. शेरा, जुने घर दिराने पाडले आहे, नावाबद्दल हरकत नाही. खाली त्यांची सही घेतली. फॉर्मवर खोटं एक अक्षर नाही, कुणीही तपासावं.

निघताना दीर आणि मी, दोघंही वाकूनच बाहेर पडलो. चपला घातल्या आणि ट्रकांचे आवाज पुन्हा सुरू झाले. ओल्या पायाची गोष्ट आज पहिल्यांदा इथं लिहितेय.

दार दाखवल्याबद्दल हौसाबाईंचे आभार मानायचे तेव्हा राहूनच गेले, ते इथं मानते. चार वर्षांनी पुन्हा फेरआकारणी होईल, मी असेन की दुसरं कुणी, माहीत नाही. जो कुणी जाईल त्याला एवढंच सांगणं... रस्त्याच्या बाजूनं भिंत आहे. वळसा घालून जा.